परत आलेला चित्रकार

मुंबईस शिकावयास गेलेला मुलगा परत बीडला येऊन राहिला, की ‘तिकडे जमले नाही वाटते’ असे चारचौघे म्हणतात. या उद्गारामागे एक नीतिविषयक गृहीत दडलेले असते. गुणी मनुष्य जगाचे काही देणे लागतो, आणि ते देणे मोठ्या बाजारपेठेतच फेडावयाचे असते, असे ते गृहीत. त्याची परीक्षा करावयास कोल्हापूरचे चित्रकार आबालाल रहिमान यांच्या पूर्वायुष्याइतके बोलके उदाहरण क्वचितच सापडेल.

मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत ते शिकले, पाश्चात्त्य पद्धतीच्या रेखनात तरबेज झाले, व्हाइसरॉयचे पदकही त्यांनी मिळविले. पुढची वाट उघड होती. इंग्लंडात टर्नर अशाच वाटेने वर चढला होता. १७९० साली, वयाच्या अवघ्या पंधराव्या वर्षी, त्याचे जलरंगातील चित्र रॉयल अ‍ॅकॅडमीच्या प्रदर्शनात लागले आणि १८०२ साली तो तिचा पूर्ण सभासद झाला. आबालाल मात्र कोल्हापुरास परतले. पुढे त्यांना शाहू महाराजांचा आश्रय मिळाला खरा. पण त्यांचे चित्त रमले ते कोटितीर्थाच्या तळ्याकाठी. तेच पाणी, तीच झाडे त्यांनी निरनिराळ्या प्रहरी पाहून रंगविली.

एकच तळे पुनःपुन्हा कशाला, असे विचारणाऱ्याने जलरंगाची जात ध्यानात घ्यावी. तैलरंगात चूक झाली तर वर दुसरा थर देता येतो. येथे ओला हात एकदा फिरला की फिरला. प्रकाश दाखवावयाचा तर तेवढा कोरा कागद राखून ठेवावा लागतो. म्हणजे कुंचला उचलण्यापूर्वीच दृश्य मनात पक्के हवे, आणि त्यास वर्षानुवर्षांचा सहवास लागतो. आमच्या कंकालेश्वराचे पाण्यातील देऊळ उतरत्या उन्हात कसे दिसते, हे आपल्यापैकी किती जणांस डोळे मिटून सांगता येईल?

आक्षेप आहे, व तो क्षुल्लक नाही. टर्नरचा चित्रसंग्रह त्याच्या राष्ट्रास मिळाला. १९३१ साली निवर्तलेल्या आबालालांची पुष्कळशी चित्रे आज पाहावयास मिळत नाहीत. हा तोटा अखेर समाजालाच सोसावा लागतो. परंतु त्याचा दोष मी कलावंताच्या माथी मारणार नाही. चित्र काढणे हे त्याचे काम. ते ओळखून जतन करणे हे शेजाऱ्यापाजाऱ्यांचे. कोल्हापुरातील पुढल्या पिढीच्या चित्रकारांनी त्यांना गुरुस्थानी मानले. पदकाची हकीकत त्यांनी ऐकली असेल. तळ्याकाठचा चित्रकार मात्र त्यांना आपल्या गावातच भेटत होता.