चढाओढ व मत्सर

एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत अशी आपल्या भाषेत म्हण आहे. एकाच धंद्यातील दोन गुणी मनुष्यांविषयी ती इतक्या सहजपणे उच्चारली जाते की, ती खरी आहे काय, हे कोणी विचारीत नाही. आज त्याचा विचार करू, आणि त्यासाठी हेरकथा व रहस्यकथा लिहिणाऱ्या ग्रंथकारांचे उदाहरण घेऊ. असले वाङ्मय केवळ करमणुकीचे, त्यात नीतीचा बोध तो कसला, असे कोणी म्हणेल. परंतु येथे विचार कथांचा नव्हे, तर कथाकारांच्या मनाचा आहे. आणि ते मन तुमच्याआमच्या मनासारखेच असते.

प्रथम आपल्या मराठी मुलखाकडे पाहू. बाबूराव अर्नाळकर (१९०६–१९९६), ज्यांचे मूळ नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण, यांनी झुंजार, काळापहाड इत्यादी नायक निर्माण करून हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. त्यांच्या मागून गुरुनाथ नाईक यांनी कॅप्टन दीप वगैरे नायकांच्या बाराशेंवर कथा लिहिल्या; ते २०२१ साली निवर्तले. भाड्याने पुस्तके देणाऱ्या वाचनालयांतून व एस.टी. स्थानकावरील दुकानांतून या कथा खेडोपाडी पोहोचल्या. परंतु या दोघांची नावे निघाली म्हणजे लोक प्रथम काय सांगतात? आकडा. एकाचे हजार, दुसऱ्याचे बाराशे! शौल राजाचे मन ज्या दिवशी बिघडले, त्या दिवशीही लोकांनी असाच आकडा सांगितला होता. यावरून पहिली गोष्ट लक्षात येते ती ही की, तुलना पुष्कळदा बघ्यांपासून सुरू होते. आणि जो तिला कान देतो त्याच्या अंतःकरणात ती घर करते.

आता विलायतेकडे वळू. इयन फ्लेमिंग यांनी १९५३ साली ‘कॅसिनो रोयाल’ ही कादंबरी लिहून जेम्स बॉंड हा हेर जगापुढे आणला. दुसऱ्या महायुद्धात ते आरमाराच्या गुप्तवार्ता खात्यात होते. दुसरे ग्रंथकार डेव्हिड कॉर्नवेल. तेही हेरखात्यात नोकरीस होते, आणि जॉन ल कारे या टोपणनावाने लिहीत. त्यांची ‘द स्पाय हू केम इन फ्रॉम द कोल्ड’ ही कादंबरी १९६३ साली निघाली. बॉंड शूर, चैनी व नेहमी विजयी. ल कारे यांचा हेर मात्र थकलेला, फसवलेला व आपल्याच लोकांविषयी साशंक. १९६६ साली एका मुलाखतीत ल कारे यांनी स्पष्ट सांगितले की, बॉंड हा हेरच नव्हे, तो एक आंतरराष्ट्रीय गुंड आहे. तेव्हा फ्लेमिंग यांना वारून दोन वर्षे झाली होती. उत्तर देण्यास ते नव्हते.

हा मत्सर म्हणावा की प्रामाणिक टीका? दूरच्या मनुष्याचा हेवा सहसा वाटत नाही. आमच्या वैजापूर तालुक्यातील शेतकरी सोनाराच्या कसबाचा हेवा करीत नाही. बांधाला लागून असलेल्या शेजाऱ्याची बाजरी चांगली आली म्हणजे मात्र त्याला झोप येत नाही. म्हणून समव्यवसायीविषयी बोलताना मनुष्याने अधिक सावध असावे. तथापि, शेजाऱ्याची विहीर खचत असेल तर ती खचते आहे असे म्हणणे हा मत्सर नव्हे. हेरगिरी म्हणजे मौज असे कोवळ्या वाचकांस वाटू लागले, तर ते खोटे आहे असे सांगणे जाणत्याचे कर्तव्य होय. ल कारे यांचे म्हणणे खरे असू शकते आणि त्यात थोडा हेवाही असू शकतो. शब्दांचा खरेपणा व मनाची शुद्धता ही दोन निराळी खाती आहेत. एकातील शिल्लक दुसऱ्यातील कर्ज फेडीत नाही. पुढे २०१० साली, वृद्धपणी, आपण आता अधिक सौम्यपणे बोललो असतो, असे ल कारे यांनी सांगितले. मात्र मूळ आक्षेप त्यांनी सोडला नाही. हेच योग्य नव्हे काय? सत्य ठेवावे, पण त्याची धार दुसऱ्याच्या अब्रूवर पाजळू नये.

आता दुसरे प्रकरण. फ्लेमिंग यांनी केविन मॅक्लोरी व जॅक व्हिटिंगहॅम यांच्याबरोबर एका चित्रपटाची कथा तयार केली होती; तिच्याच आधारे त्यांनी १९६१ साली ‘थंडरबॉल’ ही कादंबरी प्रसिद्ध केली, परंतु सहकाऱ्यांचे नाव घातले नाही. वाद लंडनच्या न्यायालयात गेला व १९६३ साली तडजोड झाली. त्यांच्या श्रमाचा उल्लेख पुस्तकात करणे फ्लेमिंग यांस भाग पडले. येथे मॅक्लोरी यांना मत्सरी म्हणता येणार नाही. आपल्या श्रमाचे श्रेय मागणे हा न्याय आहे, आणि ते देणे हा उपकार नव्हे. तथापि पुढील गोष्टही ध्यानात घ्या. फ्लेमिंग १९६४ साली गेले, मॅक्लोरी २००६ साली गेले, आणि बॉंडच्या हक्कांचा तंटा शेवटी मिटला तो २०१३ साली. न्याय मागता मागता तंटाच मनुष्याचा धनी होऊन बसतो, आणि तो मूळ धन्यांपेक्षाही अधिक जगतो.

तात्पर्य, चढाओढ पाप नाही. शेजाऱ्याचे काम पाहून आपले काम सुधारावे असे ज्याला वाटते, त्याला चढाओढीने लाभच होतो. मत्सराची ओळख निराळी आहे, आणि ती पटविण्यास तीन प्रश्न पुरेत. जे मी त्याच्या पाठीमागे बोलतो ते त्याच्यासमोर याच शब्दांत बोलेन काय? त्याचे काम उद्या बुडाले तर माझे काम तिळभर तरी सुधारेल काय? त्याने मला जे साह्य केले ते मी चारचौघांत कबूल करीन काय? दोन शिक्षक, दोन भजनी मंडळे, दोन गावांचे सेवक, ज्यांच्या हजेरीपटाची लोक तुलना करतात, त्या सर्वांनी हे प्रश्न स्वतःस विचारावे. म्यान अरुंद असले म्हणजे दोन तलवारी राहत नाहीत हे खरे. परंतु अंतःकरण हे म्यान नव्हे. ते रुंद करणे आपल्या हाती आहे.