पोथीवाचून राहिलेला धर्म

शनिवारी घाणा बंद. अलिबागच्या किनारपट्टीवर तेल गाळणाऱ्या या लोकांना शेजारीपाजारी त्यावरूनच ‘शनवार तेली’ म्हणत. बंद का, असं कुणी विचारलं तर पोथी काढून दाखवायची सोय नव्हती. त्यांच्याकडे पोथी नव्हतीच.

हे बेने इस्राएल, म्हणजे इथले मराठी ज्यू; शनिवार हा त्यांचा धर्माने ठरवलेला विसाव्याचा दिवस. नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटलं आणि सात पुरुष, सात बायका तेवढ्या वाचल्या, असं ते आपल्या मुळाविषयी सांगत आले. ते कधी घडलं, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. हिब्रू मागे पडली, मराठी मायबोली झाली. आडनावं नवगावकर, पेणकर, रोहेकर झाली. शिल्लक राहिला तो शनिवार, आठव्या दिवशीची सुंता, खाण्यापिण्याची बंधनं आणि ‘शेमा’ ही प्रार्थना.

एवढ्यावर धर्म टिकतो?

डेव्हिड रहाबीची कथा याच प्रश्नाची आहे. हा परका ज्यू आला, त्याने बायकांपुढे नाना जातींचे मासे ठेवले आणि रांधायला सांगितले. ज्यू धर्माला चालणारे, पर आणि खवले असलेले मासे त्यांनी घेतले, बाकीचे बाजूला सारले. ही आपलीच माणसं, अशी त्याची खात्री पटली. परीक्षा झाली ती चुलीपाशी.

सणांचंही तसंच. प्रायश्चित्ताच्या दिवसाचं योम किप्पूर हे नाव विसरलं, पण दारं लावून उपास करायचे, म्हणून तो ‘दारफाळणीचा सण’. जेरुसलेमचं मंदिर पडल्याच्या शोकाचा दिवस झाला ‘बिरड्याचा सण’. दोन हजार वर्षांपूर्वीचं दुःख वालाच्या बिरड्यात जपलं गेलं.

म्हणून पोथी फुकाची, असंही नाही. हिब्रू पुन्हा हाती येताच याच लोकांनी ती आवडीने शिकून घेतली. मुंबईत १७९६ साली त्यांचं पहिलं सिनेगॉग, म्हणजे प्रार्थनामंदिर, झालं. अलिबागच्या इस्राएल आळीतलं मागेन अबोथ १८४८चं. पण शास्त्र हाती असलेल्यांनी नंतर याच लोकांना अडवलं. १९४८नंतर बरेच जण इस्राएलला गेले. तिथल्या धर्मपीठाने लग्न-घटस्फोटाच्या नियमांवर बोट ठेवून त्यांच्या वंशाबद्दल शंका काढल्या. मोर्चे निघाले, धरणी झाली. अखेर १९६४ मध्ये ते सर्वार्थाने ज्यूच आहेत, असं सरकारने जाहीर केलं. शास्त्राला शंका विचारण्याचा अधिकार असेल, पण विचारायला ही माणसं ज्यू म्हणून उरली होती ती शनिवारच्या त्या बंद घाण्यामुळे.

आज अलिबागच्या आळीत मोजकी घरं उरली आहेत. जवळच्या खंडाळ्यात मात्र एलियाहू हनाबी या प्रेषिताच्या रथाच्या खुणा मानल्या जाणाऱ्या खडकापाशी इस्राएलहूनही लोक नवस फेडायला येतात. ताटात मलिदा असतो: भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची, भोवती फळं. आणि त्यावर म्हटली जाणारी प्रार्थना आता हिब्रूत असते.