नवद्वारांच्या आतले पहारे

गीतेच्या पाचव्या अध्यायात तत्त्ववेत्त्या पुरुषाच्या व्यवहारांची जी यादी येते, तीत पाहणे, ऐकणे, खाणे, चालणे, निजणे यांच्याच पंक्तीला विसर्जनही निःसंकोचपणे बसविलेले आहे. आणि ही कर्मे इंद्रिये आपापल्या विषयांत करीत असतात, आपण त्यांचे कर्ते नव्हे, असे त्या पुरुषाने जाणावे, असा तेथील अभिप्राय आहे. पुराणिक मंडळी या एका शब्दावरून बहुधा लगबगीने पुढे सरकतात. वर्ध्यात मात्र तशी सोय नाही. ७ ऑक्टोबर १९३० ते ६ फेब्रुवारी १९३१ या काळात ज्यांनी येथे 'गीताई' लिहिली, तेच विनोबा १९४६ पासून पवनारहून सुरगावला जाऊन मैला साफ करण्याचे काम करीत होते. त्यामुळे देहाच्या खालच्या द्वाराचा विचार या जिल्ह्यात तत्त्वचिंतनाच्या बाहेरचा मानण्याचे कारण उरत नाही.

त्याच अध्यायात देहाला नऊ दारांचे नगर म्हटले आहे, आणि देही त्यात काही न करता, न करविता सुखाने राहतो असे सांगितले आहे. शारीरशास्त्रज्ञाला ही मोजदाद अपुरी वाटेल, कारण ती तटाच्या दारांची आहे. मुखापासून गुदापर्यंतच्या मार्गावर आतही दारे आहेत: अन्ननलिका जठराला मिळते तेथे एक, जठराच्या निर्गमापाशी दुसरे, पित्त आतड्यात उतरते तेथे तिसरे, लहान आतडे मोठ्यास मिळते तेथे चौथे, आणि गुदद्वाराच्या बाह्य कड्याच्या आत पाचवे. यांवर जे कंकणाकार स्नायू पहारा देतात त्यांना परिसंकोची स्नायू म्हणतात, आणि ते अनैच्छिक जातीचे आहेत.

त्यांची रीत मोठी विलक्षण आहे. दंडाचा स्नायू मज्जातंतूचा हुकूम येईपर्यंत सैल असतो. हे स्नायू हुकूम नसतानाच आवळलेले असतात. आतल्या गुदस्नायूची पट्टी देहाबाहेर काढून योग्य द्रवात टांगली, तरी ती आपली आपण आकसून ताण धरते. पेशीत कॅल्शियमचे आयन झिरपत राहतात, कॅल्मोड्युलिन नावाच्या प्रथिनाशी त्यांचा संयोग होतो, त्यातून एक विकर जागे होते आणि ते मायोसिनच्या तंतूला फॉस्फेट जोडून ओढण्यास प्रवृत्त करते. दुसरे एक विकर, ऱ्हो-कायनेज, तो फॉस्फेट काढून टाकणाऱ्याचा हात धरून ठेवते. यात भर अशी की, एकदा जुळलेले तंतू फार मंदगतीने सुटतात, म्हणून अल्प इंधनात दीर्घकाळ ताण टिकतो. अन्ननलिकेच्या तळाशी हा दाब साधारणपणे १० ते ३० मिलिमीटर पाऱ्याइतका असतो. तेथे मज्जातंतूंचेही थोडे साहाय्य असते. गुदद्वाराच्या विश्रांतीच्या वेळच्या दाबापैकी सुमारे ७० ते ८० टक्के आतल्या स्नायूचा. बाहेरचे ऐच्छिक कडे आपण कितीही निर्धाराने आवळले तरी मिनिटभरातच थकू लागते, आणि एवढ्या भांडवलावर मनुष्य स्वतःला संयमी म्हणवून घेतो!

येथे एक मोह आवरला पाहिजे. अहोरात्र, फलाची अपेक्षा न धरता राबणाऱ्या या स्नायूला कर्मयोगी म्हणून टाकणे कीर्तनकाराला शोभेल, विचारकाला शोभणार नाही. ज्याला वासनाच नाही त्याच्या निर्वासनतेचे कौतुक कसले? ज्याला ढळणे शक्य आहे त्याच्याच न ढळण्याला व्रताची पदवी मिळते. आणि योग्याचे अकर्तेपण हे जाणीवपूर्वक कमावलेले अकर्तेपण आहे, पेशीसारखे जन्मतःच लाभलेले नव्हे. परंतु हे मान्य केल्यावरही एक गोष्ट उरते. आपण कर्ते नव्हे हे वाक्य साधकाने भावना म्हणून घोकायचे असते, अशी आपली समजूत आहे. देहाच्या फार मोठ्या मुलखापुरते ते भावना नसून निखळ वस्तुस्थिती आहे. ज्या स्थितीला आपण निश्चलता म्हणतो ती अखंड क्रिया आहे, आणि तिच्यावर अहंकाराचा अंमल कधीच नव्हता.

याहून मला विचारणीय वाटते ते उघडण्याचे प्रकरण. मिटणे हा या द्वारांचा स्वभाव असल्यामुळे मज्जातंतूंचे मुख्य फर्मान असते ते सोडण्याचे: घास गिळला की त्यांच्या टोकांतून नायट्रिक ऑक्साइड पाझरते, स्नायू सैलावतो, घास जातो, आणि द्वार पुन्हा मिटते. अकॅलेशिया नावाच्या व्याधीत हे सैल करणारे मज्जातंतूच नष्ट होतात. मग द्वार न चुकता बंद राहते आणि त्याचा धनी भरल्या ताटावर उपाशी राहतो. संयमाच्या बाबतीतही हाच प्रश्न उभा राहतो. सेवाग्रामला गांधीजी १९३६ मध्ये राहावयास आले. त्यांच्या एकादश व्रतांत अस्वादाचे व्रत आहे, आणि त्या व्रताकडे पुष्कळांनी केवळ आवळण्याचे शास्त्र म्हणून पाहिले. माझ्या मते तो अन्याय आहे. देहाला जेवढे हवे तेवढे औषधासारखे घ्यावे, असे सांगणारा मनुष्य द्वार बंद करावयास सांगत नसतो; ते केव्हा आणि किती उघडावे याचा विवेक मागत असतो. जो संयम केवळ नकारच जाणतो, त्याला निरोगी म्हणावयास मी तयार नाही.

इच्छेचा अखत्यार मात्र खरोखरच दोन टोकांपुरता आहे, मुखाचे द्वार आणि गुदाचे बाहेरचे कडे. मधला सारा मुलूख तिच्या दप्तरी नाही. प्रायोपवेशन करणारा महात्माही यापलीकडे काही करू शकत नाही. नोव्हेंबर १९८२ मध्ये पवनारच्या आश्रमात विनोबांनी अन्न, पाणी व औषध घेण्याचे नाकारले, ते मुखाच्या एका द्वारावरचा आपला अधिकार वापरून. आतल्या द्वारांना त्यांनी काही सांगितले नाही आणि सांगता येण्याजोगेही नव्हते. त्या महिन्याच्या १५ तारखेला त्यांचे देहावसान झाले.