दुःखाला दाखला लागतो काय?

दोस्तहो, आमचं मूल आठव्या महिन्यात पोटातच गेलं. नाव नाही, फोटो नाही. खात्यात रजा मागितली तर मुकादम म्हणाला, ‘जन्मलंच नाही, ते मेलं कसं?’ त्याचं सोडा, तो परका. पण आपलाच कार्यकर्ता म्हणाला, ‘बाबासाहेबांची चार लेकरं गेली, ते रडत बसले का?’

बसले नाहीत, खरंय. पण १९२६ मध्ये राजरत्न गेला, तेव्हा आपण आणि रमाई या धक्क्यातून सावरलो नाही, हे त्यांनी दत्तोबा पवारांना पत्रात कळवलं. पुढच्या वर्षी महाडला गेले ते न सावरलेलेच गेले. मग त्यांचंच नाव घेऊन माझ्या बायकोला गप्प कशाला करता?

रविवारी शिबिराला येईन, सतरंज्याही उचलीन. ती घरात दुपटं शिवत बसलीय. कुणासाठी, म्हणून विचारू नका.