पोर्टरचा पेला

जरा सैल बसा. हात मांडीवर मोकळे सोडा. श्वास आपल्या चालीनं येऊ द्या.

आता मनातल्या मनात समोर एक पेला ठेवा. आत काळपट तपकिरी बिअर, वर बदामी फेस. पेला उजेडाकडे धरलात तर कडेला तांबूस झाक दिसेल. हिचं नाव पोर्टर. अठराव्या शतकातल्या लंडनमध्ये, रस्त्यांवर आणि धक्क्यांवर ओझी वाहणाऱ्या हमालांना म्हणत पोर्टर. त्यांची आवडती बिअर म्हणून तिलाही तेच नाव पडलं. ते नाव थोडा वेळ मनात घोळू द्या.

तेव्हाची पोर्टर ब्राउन मॉल्टची असे. मोड आणलेलं जव लाकडाच्या आगीवर कडक वाळवायचं. दाणा तपकिरी होई, धुराचा वास धरी. मग बिअर मोठाल्या लाकडी पिंपांत महिनोन्‌महिने मुरे, किंचित आंबटसर होई. त्या वासापाशी थांबा. घाई नाही.

पुढे बिअर बनवणाऱ्यांच्या हाती हायड्रोमीटर आला. रसात तरंगत ठेवला की साखर किती उतरली ते तो सांगे. १७८४ मध्ये जॉन रिचर्डसन यांनी त्यावर पुस्तकच लिहिलं. मोजमापातून कळलं, की फिकट मॉल्टच्या मानानं ब्राउन मॉल्टमधून ऐवज सुमारे एक-तृतीयांश कमी उतरतो. त्यात फ्रान्सशी युद्ध, मॉल्टवर वाढता कर. मग फिकट मॉल्ट वाढत गेलं, ब्राउन घटत गेलं, आणि पोर्टरचा रंग उतरला. जळक्या साखरेनं तो भरून काढत, तर १८१६ च्या कायद्यानं त्याला मनाई केली. १८१७ मध्ये डॅनियल व्हीलर यांनी पेटंट घेतलं: फिरत्या लोखंडी पिंपात, कॉफी भाजावी तसं, मॉल्ट काळंकुट्ट भाजायचं. असं थोडंसं मॉल्ट घातलं, की सगळी बिअर काळी.

इथे डोळे मिटा. दाणा बदलला. भाजणी बदलली. पुढे मुरवणंही सुटलं. रंग तेवढा सांभाळला गेला, आणि त्याच्या आधारानं नाव टिकलं. डोळ्यांना ओळख पटली. जीभ मागाहून सरावली.

तुमच्या घरातलं एखादं जुनं नाव आठवा. एखादा पदार्थ, एखादी रीत. त्यातलं डोळ्यांसाठी काय राहिलंय? जिभेसाठी काय? उत्तर लगेच नको. प्रश्न नुसता जवळ बसू द्या.

विसाव्या शतकात पोर्टर ब्रिटनमधून जवळजवळ नाहीशी झाली, आणि १९७० च्या दशकाच्या अखेरीस परतली. लोक जुन्या कृती शोधू लागले. कृतीत ब्राउन मॉल्ट लिहिलेलं, आणि बाजारातही ब्राउन मॉल्ट मिळतं. पण ते जुनं एकट्याच्या बळावर बिअर करी. आजचं असं भाजलेलं असतं, की पिठुळाची साखर करण्याची शक्ती त्यात उरत नाही. सोबत फिकट मॉल्ट घ्यावंच लागतं. जुनी कृती अक्षरशः पाळली, तर बिअरच होणार नाही.

हे हळूहळू आत उतरू द्या. जपायचं असेल, तर मध्ये काय काय बदलत गेलं ते ठाऊक असावं लागतं.

पुन्हा त्या पेल्याकडे या. फेस आता बसलाय. नाव एकदा मनात म्हणा. आता त्यात धूर आहे, लाकडी पिंप आहे, व्हीलर यांची भट्टीही आहे.

श्वास घ्या. सावकाश डोळे उघडा.