वास कसला येतोय?

आतल्या खोलीत बसलेली आई जागेवरून न उठता सांगायची, दूध लागलंय, किंवा फोडणीतली मोहरी जळाली. नुसता ‘जळका वास’ असं काही तिच्या लेखी नव्हतंच. काय जळतंय आणि किती जळालंय, हे तिला वासातच कळायचं. तिची ही जाण मला परवा सकाळी आंबा घाटाच्या पायथ्याशी, साखरप्यातल्या एका गॅरेजसमोर आठवली.

कोल्हापूरहून रत्नागिरीला निघालो होतो. मलकापूर मागे पडलं तशी पत्नी म्हणाली, “काहीतरी जळतंय.” पुढच्या ट्रकचा असेल, असं म्हणून मी काचा वर केल्या. दहाएक मिनिटांनी तिलाही वास येईना आणि मलाही. घाट उतरून साखरप्याला चहा घेतला, गाडीपाशी परतलो, तर तोच वास दुप्पट जोराने आला. बॉनेटच्या फटीतून निळसर धुराची पुसट रेघही निघत होती.

वास गेलेलाच नव्हता. आमची नाकं त्याला सरावली होती. एकसारख्या येणाऱ्या वासाची दखल घेणं नाक काही मिनिटांतच सोडून देतं. म्हणून जळका वास पहिल्यांदा जाणवतो तेव्हाच काय ते करायला हवं. ‘आता येत नाही’ या म्हणण्यावर नंतर विसंबता येत नाही. खाली उतरून, मोकळ्या हवेत थोडं फिरून पुन्हा हुंगलं, तरच खरं कळतं.

गॅरेजवाल्याने आधी बॉनेटला हात लावला नाही. विचारलं, “वास कसला येतोय?” मला ‘जळका’च्या पुढे शब्द सुचेना. पत्नी म्हणाली, “तापलेल्या तव्यावर तेल सांडतं ना, तसा.” “मग तेलच आहे, वहिनी,” तो म्हणाला, आणि इंजिन निवल्यावर त्याने जागा दाखवली. टॅपेट कव्हरचं रबरी पॅकिंग इतक्या वर्षांच्या उष्णतेने कडक होऊन चिरलं होतं. तिथून झिरपलेलं तेल खालच्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर पडत होतं, आणि गाडी चालू असताना तो भाग काहीशे अंशांपर्यंत तापतो. डॅशबोर्डवर एकही दिवा लागला नव्हता. ऑइलचा दिवा लागतो तो तेलाचा दाब घसरला की. बाहेर ठिबकणाऱ्या थेंबांची त्याला गंधवार्ताही नसते.

देवरुखहून पॅकिंग येईपर्यंत तो वासांविषयीच बोलत राहिला. कागद करपल्यासारखा वास आला तर क्लच प्लेट. चढणीवर हाफ क्लचवर गाडी तोलून धरणाऱ्यांच्या गाडीला तो हमखास येतो. उतारावर चाकांकडून उग्र वास आला तर ब्रेक तापलेत. गाडी उभी करून ते आपोआप निवू द्यायचे, वर पाणी ओतायचं नाही, आणि पुढे खालच्या गिअरमध्ये उतरायचं. गोडसर वास कूलंटचा. अशा वेळी गरम रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही, कारण आतलं पाणी दाबाखाली असतं आणि उसळून अंगावर येतं. रबराचा वास बहुधा घसरणाऱ्या बेल्टचा. प्लॅस्टिकचा वास आला की मात्र त्याचा आवाज बदलला. ते वायरिंग. उंदरांनी कुरतडलेली असते, किंवा सारखा उडणारा फ्यूज काढून कुणी जास्त क्षमतेचा घातलेला असतो, मग फ्यूजऐवजी वायरच जळते. तिथल्या तिथे गाडी बंद करून सगळ्यांनी उतरायचं आणि लांब व्हायचं. धूर दाट असेल तर बॉनेट सताड उघडायचं नाही. आगीला हवा मिळते.

ऐकताना मला स्वयंपाकाचा गॅस आठवला. त्याला स्वतःचा असा वास जवळपास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात इथिल मरकॅप्टन मुद्दाम मिसळतात. घराघरातली सुरक्षितता आपण आजही माणसाच्या नाकावर सोपवली आहे, आणि मला ते योग्य वाटतं. गाडीत मात्र आपण सुगंधाची डबी लावून तेच नाक झाकून टाकतो. माझ्या गाडीतली मी त्याच दिवशी काढली.

पॅकिंग काही शे रुपयांचं. बोल्ट एका बाजूने न आवळता समोरासमोरचे, थोडे थोडे करत त्याने आवळले. एकदम जोर लावला तर नवं पॅकिंगही दबून फाटतं. मॅनिफोल्ड फडक्याने पुसला, डिपस्टिक पाहिली, तेल खालच्या खुणेला टेकलं होतं ते भरलं. निघताना म्हणाला, “रत्नागिरीपर्यंत मधूनमधून वास येईल, पुसून उरलेलं तेल जळेल तेवढा. उद्याही आला तर परत दाखवा.”

दुसऱ्या दिवशी आला नाही.

आज तुम्ही गाडी काढाल आणि शेजारी बसलेलं कुणी म्हणेल, काहीतरी जळतंय. तेव्हा काच वर करू नका. गाडी बाजूला घ्या, आणि वास कसला येतोय ते त्यांनाच विचारा.