मध्यरात्री कोणी उठावे?

तीन महिने रात्री बऱ्यापैकी झोपणारे बाळ चौथ्या महिन्यात अचानक दर दीड-दोन तासांनी जागे होऊ लागते. घरात कोणी म्हणते नजर लागली, कोणी काळा दोरा बांधते, कोणी तावीज आणून देते. कोणी आईलाच दोष देते की तिचे दूध पुरत नाही. असे आठ-पंधरा दिवस गेले की त्या मातेच्या मनात एक वेगळीच चिंता घर करते आणि ती कोणाजवळ बोलत नाही. पूर्वी ती तहज्जुदसाठी उठत असे. आता फजरची नमाजही डुलक्या घेत कशीबशी अदा होते. कुरआनचे पठण मागे पडले आहे. पहाटे तिसऱ्यांदा बाळ रडले तेव्हा ती त्याच्यावर खेकसली आणि मग तिला स्वतःचीच भीती वाटली. आपण अल्लाहपासून दूर चाललो आहोत काय, असा तिचा प्रश्न आहे. वाचक बंधू-भगिनींनो, हा प्रश्न आपल्याही घरात कोणाच्या तरी मनात असू शकतो.

प्रथम बाळाविषयी. चौथ्या महिन्याच्या सुमारास बालकाच्या झोपेची घडणच बदलते. मोठ्या माणसांप्रमाणे गाढ आणि हलक्या झोपेचे टप्पे एकामागून एक येऊ लागतात आणि प्रत्येक हलक्या टप्प्यावर ते जागे होऊ शकते. आठ ते दहा महिन्यांच्या दरम्यान ते रांगू लागते, धरून उभे राहू पाहते. आई नजरेआड झाली तरी ती कुठेतरी आहे हे त्याला याच काळात उमगते, म्हणून ती जवळ नसल्याचे दुःखही उमगते. दीड वर्षाच्या आसपास असा काळ पुन्हा येऊ शकतो. लोक याला झोप बिघडणे म्हणतात. वस्तुतः ही वाढीची खूण असते आणि बहुधा काही आठवड्यांत ओसरते. ताप असेल, बाळ दूध पीत नसेल, वजन वाढत नसेल तर मात्र डॉक्टरांकडे जावे. झोप लागावी म्हणून सर्दीचे औषध चमचाभर पाजण्याची सवय घातक आहे. एकेकाळी मुंबईत गिरणीत जाणाऱ्या स्त्रिया नाइलाजाने मुलांना अफूची बाळगोळी देत. आपल्याला तर तोही नाइलाज नाही. राहिली नजर. प्रेषित मुहम्मद (स.) हजरत हसन आणि हजरत हुसैन (र.) यांच्यासाठी अल्लाहचा आश्रय मागत आणि सांगत की ह. इब्राहीम (अ.) आपल्या पुत्रांसाठी याच शब्दांत आश्रय मागत असत. ही दुआ बुखारीत आहे. ती शिकावी, दोरा सोडून द्यावा.

आता त्या मातेच्या इबादतीविषयी. मस्जिदीच्या दोन खांबांमध्ये बांधलेली दोरी प्रेषितांनी (स.) पाहिली आणि चौकशी केली. ती ह. जैनब (र.) यांची होती, नमाजमध्ये थकवा आला की त्या तिचा आधार घेत. प्रेषितांनी (स.) ती सोडायला लावली आणि सांगितले की उत्साह असेपर्यंत नमाज पढावी, थकल्यावर बसावे. ह. आयशा (र.) यांच्या कथनानुसार नमाजमध्ये पेंग येऊ लागली तर झोप घ्यावी, अशी प्रेषितांची (स.) शिकवण आहे. म्हणजे ज्या नफल नमाजा सुटल्याचे शल्य ही भगिनी बाळगते, त्यांच्याबाबत शरीरावर जुलूम करण्याची मुभाच धर्माने दिलेली नाही. फर्ज नमाज राहतेच, पण ती दीर्घ असलीच पाहिजे असे नाही. प्रेषित (स.) जमाअतची नमाज लांबवण्याच्या इराद्याने उभे राहत आणि एखादे मूल रडल्याचे कानी आले की ती संक्षिप्त करत, कारण त्या रडण्याने मातेच्या जिवाची होणारी घालमेल त्यांना ठाऊक होती. एका मातेसाठी संपूर्ण जमाअतची नमाज आखूड झाली! संतापाबद्दल एवढेच की राग अनावर झाला तर बाळाला पाळण्यात सुरक्षितपणे उताणे ठेवून क्षणभर दूर व्हावे, वजू करावा. खिन्नता आठवडेच्या आठवडे उतरत नसेल तर तो आजार असू शकतो. त्याला ईमानचा दुबळेपणा न समजता उपचार घ्यावेत.

येथपर्यंतचे बोलणे सोपे आहे आणि आपण पुरुष येथेच थांबतो. मातेच्या जागरणाला मोठा अजर आहे असे सांगतो आणि कूस बदलून झोपतो. जुम्याच्या बयानात मातेचा महिमा सांगायला काही मोल पडत नाही. पण कुरआनने मातेच्या कष्टांचा उल्लेख केला तो मुख्यतः अपत्याला तिच्या हक्काची जाणीव देण्यासाठी. तिच्यावर आणखी ओझे टाकण्यासाठी नव्हे. सूरह बकराच्या २३३ व्या आयतीत दूध पाजण्याच्या दोन वर्षांची चर्चा आहे. तेथे मातेच्या अन्नवस्त्राची जबाबदारी पित्यावर आहे, कोणावरही त्याच्या ताकदीपलीकडे भार नाही, मुलापायी मातेला त्रास देणे निषिद्ध आहे आणि दूध तोडण्याचा निर्णयही दोघांच्या संमतीने व विचारविनिमयाने व्हायचा आहे. दूध तोडण्यासाठी मसलत हवी, तर रात्रीच्या पाळीसाठी का नको?

पती म्हणेल, मला पहाटेची पहिली पाळी आहे. खरे आहे. दूधही तो पाजू शकत नाही. पण बाळाला खांद्यावर घेऊन ढेकर काढणे, लंगोट बदलणे, थोपटणे यांसाठी माताच लागते असे नाही. फजरनंतर तासभर जरी त्याने बाळ सांभाळले तरी तिला सलग झोप मिळते. प्रेषित (स.) घरात असताना घरच्यांच्या कामात हातभार लावत, हे ह. आयशा (र.) यांनीच सांगितले आहे. नात उमामा (र.) हिला खांद्यावर घेऊन त्यांनी नमाज पढली, सज्द्यात जाताना खाली ठेवत, उभे राहताना पुन्हा उचलत. शेजारी बाळ टाहो फोडत असताना मुसल्ल्यावर नफल पढत राहणाऱ्या पित्याने हे दृश्य आठवावे. कोकणातील कितीतरी घरांत पती आखातात असतो. तेथे ही पाळी सासूची, नणंदेची, दिराचीही आहे आणि ती मागायला सुनेला संकोच वाटू नये हे पाहणे सासऱ्याचे काम आहे.

घराबाहेरच्या माणसांचाही यात हिस्सा असतो. इब्ने साद यांनी नोंदवलेली घटना आहे. खलिफा ह. उमर (र.) एका रात्री मदिनेत उतरलेल्या काफिल्याचा पहारा करत होते. एक मूल रडताना ऐकून त्यांनी त्याच्या आईला बजावले, मुलाची काळजी घे. दुसऱ्यांदा ऐकले, पुन्हा बजावले. रात्र सरत आली तेव्हा तिसऱ्यांदा गेले आणि तिला वाईट आई म्हणाले. समोर कोण आहे हे तिला ठाऊक नव्हते. ती म्हणाली की मी त्याचे दूध तोडते आहे, कारण उमर दूध तुटलेल्या मुलालाच वजीफा देतो. मूल अजून काही महिन्यांचेच होते. त्या दिवशी फजरच्या नमाजमध्ये ह. उमर (र.) इतके रडले की मागे उभ्या असलेल्यांना त्यांचे पठण नीट कळेना. सलाम फेरल्यावर त्यांनी दवंडी पिटवली की कोणीही मुलाचे दूध घाईने तोडू नये, वजीफा आता जन्मापासूनच मिळेल, आणि तसे लेखी हुकूम सर्व प्रांतांत रवाना केले.